विश्लेषण : रायडिंग जॅकेटमधील ‘आर्मर’ दुचाकीस्वाराला कितपत वाचवते?

‘सीई लेव्हल २’ असा शिक्का असला म्हणजे अपघातात काहीच होणार नाही, असा अनेकांचा समज असतो. पण हा शिक्का नेमक्या कोणत्या चाचणीचा असतो आणि त्या चाचणीची मर्यादा काय?

पावसाळा सुरू झाला की ताम्हिणी, माळशेज, आंबोली अशा घाटांत शनिवार-रविवारी दुचाकीस्वारांचे जथे दिसू लागतात. पूर्वी हेल्मेट आणि रेनकोट एवढाच यांचा जामानिमा असे. आता अनेकांच्या अंगावर जाड रायडिंग जॅकेट, हातात मोजे, गुडघ्यांवर गार्ड दिसतात. या साहित्यावर पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत खर्च करणारे तरुण आहेत. ‘लेव्हल २ आर्मर आहे, बिनधास्त घ्या’ असे दुकानदारही सांगतो. मात्र हे आर्मर नेमके कशापासून वाचवते आणि कशापासून नाही, हे फार थोड्यांना ठाऊक असते. हा गैरसमज महागात पडू शकतो.

‘आर्मर’ म्हणजे नेमके काय?

रायडिंग जॅकेट किंवा पँट दोन वेगवेगळी कामे करते. पहिले काम बाहेरच्या कापडाचे. रस्त्यावर घसरत जाताना कातडी सोलवटू नये, यासाठी चामडे, कॉर्ड्युरा किंवा अरामिड धाग्याचे कापड वापरले जाते. दुसरे काम आतल्या पॅडचे. खांदे, कोपर, पाठ, कंबरेच्या बाजू आणि गुडघे अशा ठिकाणी आतल्या खिशांत हे पॅड बसवलेले असतात. यांनाच आर्मर किंवा प्रोटेक्टर म्हणतात.

पूर्वीचे आर्मर कडक प्लॅस्टिकचे असे. आता बरेचसे आर्मर एरवी मऊ राहणाऱ्या, पण जोराचा धक्का बसताच क्षणभर घट्ट होणाऱ्या पदार्थांचे असते. साहित्य कोणतेही असो, तत्त्व एकच आहे. थांबण्यासाठी शरीराला थोडे अधिक अंतर आणि थोडा अधिक वेळ मिळवून द्यायचा. धक्क्याची ऊर्जा तेवढीच राहिली, तरी ती पाच मिलिमीटरऐवजी दहा मिलिमीटरमध्ये शोषली गेली तर हाडावर येणारे सरासरी बळ निम्मे होते. दोरी ताणत-ताणत थांबणे आणि भिंतीवर आदळून थांबणे यात जो फरक आहे, तोच हा फरक.

‘लेव्हल १’ आणि ‘लेव्हल २’ याचा अर्थ काय?

ही वर्गवारी युरोपीय मानकांतून आली आहे. खांदे, कोपर, कंबर आणि गुडघ्यांच्या पॅडसाठी ‘ईएन १६२१-१’ आणि पाठीच्या पॅडसाठी ‘ईएन १६२१-२’ हे मानक लागू होते. चाचणी तशी सोपी आहे. पॅड एका कठीण ऐरणीवर ठेवतात आणि त्यावर सुमारे ५ किलोचे वजन ५० ज्यूल ऊर्जेने आदळवतात. पॅडमधून पलीकडे किती बळ पोहोचले, हे मोजले जाते.

हातापायांच्या पॅडमध्ये सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत बळ पोहोचले तर लेव्हल १ आणि २० किलोन्यूटनपर्यंत पोहोचले तर लेव्हल २. पाठीच्या पॅडसाठी निकष कडक आहेत. तिथे लेव्हल १ साठी १८ आणि लेव्हल २ साठी ९ किलोन्यूटन ही सरासरी मर्यादा आहे. म्हणजे कोपराचे ‘लेव्हल २’ आणि पाठीचे ‘लेव्हल २’ सारखे नसते. आकडा जितका कमी, तितके संरक्षण अधिक.

हे आकडे समजण्यासाठी एक हिशेब पाहा. ३५ किलोन्यूटन म्हणजे साडेतीन टन वजनाचा भार. बरगड्यांना इजा होण्याच्या संदर्भात अभियांत्रिकीत ४ किलोन्यूटनच्या आसपासचा आकडा वापरला जातो. मग लेव्हल १ निरुपयोगी समजायचे का? तसे नाही. प्रयोगशाळेतील ऐरण पोलादी असते, ती दबत नाही. शरीरात पॅडखाली मांस, सांधे असतात आणि ते मागे सरकतात. त्यामुळे प्रत्यक्षात पोहोचणारे बळ कमी असते. तरीही लेव्हल १ आणि लेव्हल २ यांत मोठी तफावत आहे, एवढे यावरून स्पष्ट होते.

५० ज्यूल म्हणजे ताशी किती किलोमीटर?

इथेच सर्वाधिक गोंधळ होतो. ५ किलोचे वजन एक मीटर उंचीवरून सोडले तर ते साधारण ५० ज्यूल ऊर्जेने खाली आदळते. त्या क्षणी त्याचा वेग ताशी सुमारे १६ किलोमीटर असतो. दुसरीकडे, ७० किलो वजनाचा चालक ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असेल, तर त्याच्या शरीराची गतिज ऊर्जा सुमारे ९,७०० ज्यूल भरते. चाचणीतील ऊर्जेच्या जवळपास दोनशे पट.

मग आर्मर काम तरी कसे करते? याचे उत्तर पडण्याच्या पद्धतीत आहे. गाडी घसरली की चालक सीटच्या उंचीवरून, म्हणजे साधारण एक मीटरवरून जमिनीवर पडतो. जमिनीच्या दिशेने बसणारा फटका या उंचीवर अवलंबून असतो, गाडीच्या वेगावर नाही. उरलेली ऊर्जा रस्त्यावर घसरताना घर्षणात खर्ची पडते. घर्षण गुणांक ०.६ धरला तर ताशी ६० किलोमीटर वेगाने पडलेला माणूस साधारण २४ मीटर घसरत जातो आणि त्याला थांबायला जवळपास तीन सेकंद लागतात. पहिला फटका आर्मर झेलते, पुढचे तीन सेकंद कापड झेलते. साधी जीन्स मात्र डांबरावर काही क्षणांत फाटते.

हे गणित रस्ता मोकळा असेल तरच लागू पडते. घसरत जाताना वाटेत दुभाजक, विजेचा खांब, घाटातील कठडा किंवा समोरून येणारा ट्रक आला, तर उरलेली सगळी ऊर्जा एका क्षणात शरीरावर येते. एक-दीड सेंटिमीटर जाडीचा कोणताही पॅड ती झेलू शकत नाही.

प्रत्यक्ष अपघातांत काय दिसून आले?

या विषयावरील सर्वाधिक उद्धृत होणारा अभ्यास ऑस्ट्रेलियातला आहे. संशोधक लिझ डी रोम आणि सहकाऱ्यांनी अपघातग्रस्त २१२ मोटरसायकलस्वारांची माहिती तपासली आणि २०११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. रायडिंग जॅकेट घातलेल्यांना रुग्णालयात दाखल करावे लागण्याची शक्यता २१ टक्क्यांनी, रायडिंग पँट घातलेल्यांना ५१ टक्क्यांनी आणि मोजे घातलेल्यांना ५९ टक्क्यांनी कमी आढळली. कपड्यांत आर्मर असेल तर पायांच्या दुखापतीची शक्यता ४० टक्क्यांनी आणि शरीराच्या वरच्या भागातील दुखापतीची शक्यता २३ टक्क्यांनी कमी होती.

पण याच अभ्यासाची दुसरी बाजूही आहे. अपघातात सुमारे ३० टक्के जॅकेट, २८ टक्के पँट आणि २६ टक्के मोजे फाटून किंवा खराब होऊन निकामी ठरले. म्हणजे ‘रायडिंग गिअर’ म्हणून विकले जाणारे सगळेच साहित्य त्या नावाला जागत नाही. शिवाय फायदा प्रामुख्याने खरचटणे, कापणे आणि मऊ भागांना मार लागणे अशा जखमांत दिसतो. हाडे मोडण्याच्या बाबतीत आर्मरचा परिणाम तितका स्पष्ट दिसलेला नाही. त्यामुळेच हातापायांच्या पॅडसाठीची ३५ किलोन्यूटनची मर्यादा फार सैल असल्याचे काही संशोधकांचे म्हणणे आहे.

आर्मर कुठे कमी पडते?

सर्वात मोठा गैरसमज पाठीच्या पॅडबद्दल आहे. ते पाठीवर बसणारा थेट मार कमी करते. मात्र अपघातात मणक्याला होणाऱ्या अनेक गंभीर इजा पाठ जोरात वाकल्याने, पिळवटल्याने किंवा डोक्यावर-खांद्यावर पडल्यामुळे मणक्यावर दाब आल्याने होतात. पॅड हे वाकणे रोखू शकत नाही. मान, पोट आणि ओटीपोट हे भागही बहुतेक जॅकेट-पँटमध्ये उघडेच राहतात. छातीसाठी ‘ईएन १६२१-३’ हे स्वतंत्र मानक आहे, पण अनेक जॅकेटमध्ये छातीचा पॅड सोबत मिळत नाही.

दुसरी अडचण मापाची. जॅकेट सैल असेल तर पडल्याबरोबर कोपराचा पॅड फिरून बाजूला जातो आणि मार उघड्या हाडावर बसतो. लेव्हल २ चा जागेवरून सरकलेला पॅड लेव्हल १ च्या घट्ट बसलेल्या पॅडपेक्षा कुचकामी ठरतो.

एअरबॅग जॅकेट हा उपाय आहे का?

छाती, पाठ आणि काही प्रमाणात मानेसाठी एअरबॅग हा सध्याचा अधिक प्रभावी पर्याय मानला जातो. कारण तेच, थांबायला मिळणारे अंतर. पॅडची जाडी सेंटिमीटरभर असते, फुगलेल्या एअरबॅगची त्याच्या कितीतरी पट. गाडीला दोरीने जोडलेल्या एअरबॅगसाठी ‘ईएन १६२१-४’ हे मानक असून त्यात लेव्हल १ साठी ४.५ आणि लेव्हल २ साठी २.५ किलोन्यूटन अशी मर्यादा आहे. पाठीच्या उत्तम पॅडच्या तुलनेत हे बळ एक चतुर्थांशाच्या आसपास आहे. मोटोजीपी शर्यतींत २०१८ पासून नियमित स्पर्धकांना एअरबॅग सूट बंधनकारक आहे. सामान्य चालकासाठी मात्र किंमत हा मोठा अडसर आहे. शिवाय चालक थेट समोरच्या वाहनावर आदळला, तर एअरबॅग पूर्ण फुगण्याआधीच धडक बसू शकते.

भारतात नियम काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नुसार दुचाकीवर हेल्मेट बंधनकारक आहे आणि ते ‘आयएस ४१५१’ मानकाचे हवे. जॅकेट, मोजे, गुडघ्याचे गार्ड वापरण्याची सामान्य दुचाकीस्वारावर सक्ती नाही. युरोपात हे साहित्य वैयक्तिक सुरक्षा साधनांत मोडते आणि मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासल्याशिवाय त्यावर ‘सीई’ चिन्ह लावता येत नाही. आपल्याकडे केवळ ‘सीई’ ही दोन अक्षरे छापलेला फोमचा तुकडाही आर्मर म्हणून खपतो. त्यामुळे पारखून घेण्याची जबाबदारी ग्राहकावरच येते.

प्रश्न किती मोठा आहे, हे रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीतून दिसते. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यांत दुचाकीवरील मृतांचे प्रमाण ४४.५ टक्के होते. त्याच वर्षी हेल्मेट न घातलेल्या ५० हजार २९ जणांनी जीव गमावला. दिवसभर रस्त्यावर असणारे डिलिव्हरी कामगार, रोज कामावर जाणारे नोकरदार यांच्याकडे बहुधा साधे मोजेही नसतात.

आपल्या उन्हाळ्यात हे घालणे शक्य आहे का?

ही अडचण खरी आहे. नागपूर-चंद्रपुरात पारा ४५ अंशांवर असताना जाड जॅकेट घालणे त्रासदायकच नाही, तर उष्माघाताचा धोका वाढवणारेही ठरू शकते. शिवाय काही पॅडचे गुणधर्म तापमानानुसार बदलतात. म्हणूनच मानकात ४० अंशांवरील ऐच्छिक चाचणी आहे आणि ती उत्तीर्ण झालेल्या पॅडवर ‘टी प्लस’ अशी खूण असते. उन्हाळ्यासाठी जाळीचे जॅकेट मिळते, पण त्याचे कापड घर्षणात तुलनेने लवकर फाटते. शहरातील कमी वेगासाठी ही तडजोड स्वीकारता येते, महामार्गासाठी नाही.

खरेदी करताना काय तपासावे?

– पॅड खिशातून बाहेर काढून पाहा. त्यावर ‘ईएन १६२१’ हा क्रमांक, लेव्हल आणि मोटरसायकलस्वाराचे चिन्ह हवे. नुसते ‘सीई’ पुरेसे नाही.
– पाठीचा पॅड खास तपासा. अनेक जॅकेटमध्ये तिथे केवळ साधा फोम असतो.
– ‘टाइप बी’ पॅड ‘टाइप ए’पेक्षा मोठा भाग झाकतो.
– कपड्यावर ‘ईएन १७०९२’ ची श्रेणी पाहा. सर्वाधिक धोक्याच्या भागांसाठी ‘एएए’ श्रेणी ताशी सुमारे १२०, ‘एए’ ७० आणि ‘ए’ ४५ किलोमीटर वेगाच्या घर्षण चाचणीशी जोडलेली आहे. ‘सी’ श्रेणी केवळ पॅड जागेवर धरून ठेवणाऱ्या कपड्याची असते.
– जॅकेट घालून गाडीवर बसल्यासारखे हात पुढे करा. कोपर आणि खांद्याचे पॅड हलता कामा नयेत.
– एकदा मोठा मार बसलेला पॅड बदला.

मग आर्मर पुरेसे आहे का?

घसरून पडण्याच्या अपघातात चांगले आर्मर आणि कापड महिनाभराचे ड्रेसिंग किंवा त्वचारोपण टाळू शकते. ट्रकशी किंवा कठड्याशी होणाऱ्या धडकेत ते जीव वाचवेल, अशी खात्री देता येत नाही. म्हणून प्राधान्यक्रम महत्त्वाचा ठरतो. जगभरातील अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यानुसार हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा धोका ६९ टक्क्यांनी घटतो. खर्चाच्या तुलनेत इतके संरक्षण दुसरे कोणतेही साधन देत नाही. त्यामुळे बजेट मर्यादित असेल तर आधी चांगले हेल्मेट, मग मोजे आणि घोटा झाकणारे बूट, त्यानंतर पँट-जॅकेट, असा क्रम ठेवता येईल. उत्तम टायर, ब्रेक आणि एबीएस यांवरील खर्चही यातच धरायला हवा. कारण आर्मरचे काम अपघात झाल्यावर सुरू होते. ते अंगावर आहे म्हणून घाटातील वळणावर वेग वाढवला, तर चाचणीतील ५० ज्यूलचा हिशेब तिथेच संपतो.