नाड्याचा वळ अंगावर काढू नका

गेल्या महिन्यात साठीच्या एक आजीबाई कंबरदुखीसाठी माझ्याकडे आल्या. तपासताना कमरेच्या उजव्या बाजूला, परकराचा नाडा बसतो नेमक्या त्या जागी, मला एक जखम दिसली. ‘‘डॉक्टर, नाडा काचल्याचं आहे ते. वर्ष झालं. दुखत नाही, म्हणून कुणाला बोलले नाही,’’ त्या म्हणाल्या. तुकडा तपासणीला पाठवला. त्वचेचा कर्करोग निघाला! सुदैवाने तो पसरला नव्हता. शस्त्रक्रिया झाली, आजी आता घरी आहेत.

वाचकहो, ‘दुखत नाही’ याच समजुतीने घात होतो. सुरुवातीचा कर्करोग बहुधा दुखत नाही.

आपल्या सावळ्या त्वचेतील रंगद्रव्य उन्हापासून संरक्षण देते. त्यामुळे गोऱ्या लोकांच्या मानाने आपल्याकडे हा रोग कमी. पण होतच नाही असे नव्हे. वर्षानुवर्षे काचणारी जागा, भाजल्याचा जुना व्रण, तळपाय, तळहात आणि नखे येथे विशेष लक्ष हवे. नाड्याच्या जागी कर्करोग झालेल्या दोन स्त्रियांची माहिती वर्धा व बिहारमधील डॉक्टरांनी 2024 साली प्रसिद्ध केली. घट्ट धोतर नेसणाऱ्या पुरुषांतही असे रुग्ण आढळले आहेत.

महिन्यातून एकदा आंघोळीनंतर, चांगल्या उजेडात, आरसा घेऊन सर्वांग पाहावे. पाठ घरच्या माणसाकडून पाहून घ्यावी. पुढील गोष्टी आढळल्यास डॉक्टरांना दाखवा :

1) चार आठवड्यांत न भरणारी किंवा वारंवार रक्त येणारी जखम.

2) जुन्या व्रणावर आलेली गाठ अथवा जखमेच्या कडक, उंच कडा.

3) दोन बाजू सारख्या नसलेला, वेड्यावाकड्या कडांचा, अनेक रंगांचा, 6 मिलिमीटरपेक्षा मोठा किंवा बदलत जाणारा तीळ.

4) नखाखाली रुंद होत जाणारी काळी रेघ.

प्रत्येक तीळ म्हणजे कर्करोग नव्हे. उगाच घाबरू नये. मात्र तिळावर चुना लावणे, ब्लेडने खरवडणे हे उद्योग करू नयेत. भगिनींनी नाडा सैल बांधावा, दोरीऐवजी रुंद पट्टी वापरावी, बांधण्याची जागा अधूनमधून बदलावी.

आज घरी गेल्यावर आपल्या आईला किंवा आजीला एवढेच विचारा, ‘‘कमरेवर काही जखम आहे का?’’ लाजेपोटी त्या आपणहून सांगणार नाहीत.