चर्चची दुरुस्ती आणि बुऱ्हाणपूरची रजिस्ट्री

घर विकत घेताना जमिनीबरोबर आणखी काय काय आपल्या गळ्यात येतं, ते सगळं रजिस्ट्रीच्या कागदावर लिहिलेलं नसतं. मी बुऱ्हाणपूरच्या सिंधीपुऱ्यात राहतो आणि वकिली करतो. माझं बरंचसं काम म्हणजे घरांचे, प्लॉटांचे सर्च रिपोर्ट लिहिणं. माझी भाची इंग्लंडमध्ये घर बघते आहे. तिनं फोनवर विचारलं, "मामा, इथला वकील म्हणतो चर्चच्या दुरुस्तीचा विमा घ्या. चर्चशी माझा काय संबंध? घेऊ की नको?"

प्रश्न ऐकायला विचित्र वाटला तरी त्यामागे पक्का कायदा आहे. मध्ययुगात तिथे चर्चच्या इमारतीची दुरुस्ती दोघांत वाटलेली होती. लोक बसतात तो भाग गावकऱ्यांनी सांभाळायचा आणि वेदीकडचा भाग, म्हणजे चान्सेल, रेक्टर नावाच्या धर्माधिकाऱ्यानं. कारण गावच्या पिकाचा दहावा हिस्सा आणि चर्चची जमीन त्याच्याकडे असे. पुढे आठव्या हेन्रीनं मठ मोडले. मठांच्या ताब्यातल्या अशा जमिनी खासगी लोकांकडे गेल्या आणि दुरुस्तीची जबाबदारी जमिनीमागोमाग गेली. जमिनीचे तुकडे पडले, शेतांवर घरं उभी राहिली, तरी ती सुटली नाही.

वॉरिकशायरमधल्या ॲस्टन कँटलो गावात गेल आणि अँड्र्यू वॉलबँक या दांपत्याकडे वारशानं आलेलं ग्लीब फार्म होतं. त्यातल्या एका शेताला 1743 च्या जमीनवाटपापासून हा भार चिकटलेला. 1990 मध्ये चर्चनं दुरुस्तीची मागणी केली. दोघं कोर्टात लढले, अपिलात जिंकलेही. पण 2003 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं तो निकाल फिरवला. दुरुस्तीची रक्कम शेवटी 1 लाख 86 हजार पौंडांच्या वर ठरली, कोर्टखर्च वेगळा. शेत विकावं लागलं. तेव्हापासून घर घेणारा जो तो हा विमा मागू लागला.

मग सरकारनं चर्चना मुदत दिली: 13 ऑक्टोबर 2013 च्या आत आपला हक्क लँड रजिस्ट्रीत नोंदवा. त्यानंतर पूर्ण किंमत देऊन घेणाऱ्याला, रजिस्टरमध्ये नोंद नसेल, तर हा भार लागत नाही. म्हणून भाचीला म्हटलं, आधी रजिस्टरचा उतारा काढ. त्यात चर्चची नोंद असेल तर साधा विमा मिळणार नाही. घराच्या किमतीवरच बोलावं लागेल. नोंद नसेल आणि त्या तारखेनंतर घर एकदा तरी रीतसर विकलं गेलं असेल, तर विम्यावर पैसे घालू नकोस. पण तेव्हापासून एकाच मालकाकडे असेल आणि तूच पहिली खरेदीदार असशील, तर तुझं नाव चढेपर्यंत चर्चला नोंद करता येते. तिथे विमा घे. हप्ता एकदाच भरायचा आणि तोही किरकोळ. एक मात्र सांभाळ: आधी चर्चमध्ये जाऊन चौकशी करू नकोस. तशी चौकशी झाली असेल तर विमा कंपन्या सहसा हात वर करतात.

हे तिला सांगताना माझ्या डोळ्यांपुढे आमचंच गाव होतं. बुऱ्हाणपुरात घराच्या मालकावर दुसऱ्याच्या इमारतीची दुरुस्ती येत नाही, पण स्वतःच्याच घराची दुरुस्ती अडकू शकते. शाही किल्ला, बीबी की मस्जिद, फारुकी सुलतानांच्या कबरी अशी पुरातत्त्व खात्याची संरक्षित स्मारकं गावात जागोजागी आहेत. 2010 च्या दुरुस्तीनंतरचा कायदा सांगतो की संरक्षित हद्दीपासून 100 मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद, त्यापुढे आणखी 200 मीटर परवानगीनं. 16 जून 1992 पूर्वीचं घर असेल तर डागडुजी करता येते, पण तीही मंजुरी घेऊनच. मंजुरीशिवाय हात लावला तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पडकं घर स्वस्तात घेऊन वर मजला चढवू म्हणणाऱ्याला मी आधी मोजपट्टी घेऊन पाठवतो.

दुसरा भार देवाधर्माच्या मालकीचा. मध्य प्रदेशातल्या देवस्थानच्या जमिनीबद्दल सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर 2021 मध्ये स्पष्ट सांगितलं की मालक देव, पुजारी भूमिस्वामी नव्हे. म्हणजे पुजाऱ्याच्या वारसाकडून घेतलेला प्लॉट पाण्यात. वक्फचंही तसंच पाहावं लागतं, आणि तिथे मोठमोठ्या संस्थांचाही वाद होतो. शाह शुजा आणि नादिर शाह यांच्या कबरी आणि किल्ल्यातली बीबी साहिबाची मशीद आपली आहे, असा आदेश राज्य वक्फ बोर्डानं 2013 मध्ये काढला होता. जबलपूरच्या उच्च न्यायालयानं 26 जुलै 2024 रोजी तो रद्द केला, कारण 1904 च्या कायद्याखाली ती स्मारकं आधीच संरक्षित होती. मालकी कुणाची यावर एवढ्या वास्तूंचा निकाल लागायला 11 वर्षं लागतात, तर गल्लीतल्या दोन खोल्यांच्या मालकाची काय कथा?

म्हणून जुना दस्त हातात आला की मी सगळ्यात आधी चतुःसीमा वाचतो. एका घराच्या जुन्या रजिस्ट्रीत उत्तरेला 'दर्ग्याची जमीन' लिहिलं होतं. पुढच्या दस्तात तिथेच 'पडीक जागा' झालं, त्याच्या पुढच्यात 'विक्रेत्याची मोकळी जागा', आणि विक्रीला निघालेल्या नकाशात ती जागा घराचं अंगण बनून आली होती. कुणी एका दिवसात लबाडी केली नव्हती. दर वेळी एक शब्द बदलला होता. बँका साधारण 13 किंवा 30 वर्षांचा शोध मागतात. त्या मुदतीत हे दिसलंच नसतं.

मग आपल्याकडे विमा का नाही? मालकीहक्काचा विमा भारतात आहे. 2016 च्या रेरा कायद्यात कलम 16 त्यासाठीच आहे, पण ते बिल्डरांच्या प्रकल्पांसाठी, आणि तेही राज्य सरकारनं अधिसूचना काढली तरच लागू होतं. सिंधीपुऱ्यातलं जुनं घर घेणाऱ्या यंत्रमाग कामगाराला अशी पॉलिसी कोण देणार? त्याची आयुष्याची कमाई विम्याविना उघडी राहते, आणि मला हे फार खुपतं. शिवाय विमा पैसे देतो, घर देत नाही.

तोपर्यंत पायपीटच करावी लागते. अलीकडचे दस्त संपदा पोर्टलवर सापडतात. त्याआधीच्यांसाठी रेकॉर्ड रूम गाठायची; बुऱ्हाणपूर 15 ऑगस्ट 2003 ला वेगळा जिल्हा झाला, म्हणून कधी खंडव्यालाही जावं लागतं. खसऱ्यात मंदिराचं किंवा वक्फचं नाव आहे का, जागा नजूलची, म्हणजे सरकारी, आहे का, स्मारकापासून अंतर किती, हे बयाणा देण्यापूर्वी पाहायचं. आणि बयाणापत्रात एक ओळ घालून घ्यायची: धार्मिक संस्थेचा किंवा पुरातत्त्व खात्याचा हक्क, अडसर निघाला तर विक्रेता पूर्ण रक्कम खर्चासह परत देईल. सही करायला विक्रेता टाळाटाळ करू लागला, तर मी बयाणा थांबवतो आणि पुन्हा पहिल्या दस्तापासून वाचायला बसतो.