तुंगारेश्वर नोंदवायचे आहे

मुंबई-अहमदाबाद महामार्ग शिरसाडला सोडून वज्रेश्वरी-अंबाडीच्या रस्त्याला लागले, की उजव्या हाताला डोंगराची रांग सोबत चालू लागते. मांडवी, चांदीप, पारोळ ही याच पट्ट्यातली गावे. उत्तरेला तानसा नदीचे खोरे, दक्षिणेला तुंगारेश्वरचा 2,000 फुटांहून उंच डोंगर. या डोंगराभोवतीचे वसई आणि भिवंडी तालुक्यांतले सुमारे 85 चौरस किलोमीटर जंगल 2003 मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाले. शेजारी वसई-विरारची लाखोंची वस्ती आहे. तरी या जंगलाला तुंगारेश्वराच्या मंदिरामुळे आणि पावसाळी धबधब्यांमुळे जेवढे लोक ओळखतात, त्याच्या शतांशानेही त्यातल्या वन्यजीवांमुळे ओळखत नाहीत.

याचे एक कारण छायाचित्रणाशी जोडलेले आहे. महाराष्ट्रातला वन्यजीव छायाचित्रकार लांब भिंगाची पिशवी उचलतो तो ताडोबाला जाण्यासाठी. तिथे जिप्सी आहे, पाणवठा आहे, भरदिवसा रस्त्यावर येणारा वाघ आहे. तुंगारेश्वरचे जंगल साग, ऐन, खैर, कळंब यांचे. पावसाळ्यात ते इतके दाटते, की दहा पावलांवरचे जनावर दिसत नाही. इथला बिबट्या रात्री फिरतो आणि माणसाची चाहूल लागताच बाजूला होतो. अशा जंगलात सुंदर चित्र सहजी मिळत नाही. पण इथले प्रत्येक छायाचित्र आधी पुरावा असते आणि मग चित्र. पालघर जिल्ह्याला आज या पुराव्याची फार मोठी गरज आहे.

आजोबाची वाट

नकाशावर तुंगारेश्वरची जागा पाहावी. दक्षिणेला वसईच्या खाडीपलीकडे सुमारे 104 चौरस किलोमीटरचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. पूर्वेकडे 300 चौरस किलोमीटरहून मोठे तानसा अभयारण्य आणि त्यापुढे सह्याद्रीची मुख्य रांग. मुंबईच्या बिबट्यांचा सह्याद्रीशी काही संबंध उरायचा असेल, तर तो याच पट्ट्यातून.

हा संबंध कागदावरचा नाही, हे 2009 मध्ये एका बिबट्याने दाखवून दिले. पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरजवळ विहिरीत पडलेल्या एका वयस्क नराला वनविभागाने बाहेर काढले. वन्यजीव अभ्यासक डॉ. विद्या अत्रेय यांच्या अभ्यासासाठी त्याच्या गळ्यात जीपीएस पट्टा बसवला गेला आणि त्याला माळशेज घाटात सोडले. वय पाहून त्याचे नाव पडले ‘आजोबा’. महिन्याभरात तो सुमारे 120 किलोमीटर चालला. वाटेत त्याने नाशिक महामार्ग आणि कसाऱ्याचा रेल्वेमार्ग ओलांडला, वसईचा औद्योगिक पट्टा पार केला आणि खाडी पोहून राष्ट्रीय उद्यान गाठले. या सगळ्या प्रवासात त्याने एकाही माणसावर हल्ला केला नाही. डिसेंबर 2011 मध्ये घोडबंदर रस्त्यावर वाहनाच्या धडकेने तो मेला. त्याच्या प्रवासावर 2014 मध्ये मराठी चित्रपटही आला.

पट्टा बसवलेला बिबट्या एखादाच असतो. बाकीच्यांच्या वाटा कळायच्या, तर कॅमेऱ्यावाचून इलाज नाही.

ठिपके वाचणारा कॅमेरा

कॅमेरा ट्रॅप म्हणजे झाडाच्या बुंध्याला बांधलेली एक पेटी. समोरून उबदार अंगाचा प्राणी गेला, की उष्णता आणि हालचाल टिपणारा संवेदक कॅमेऱ्याला जागे करतो. बिबट्याच्या अंगावरचे ठिपके माणसाच्या बोटांच्या ठशांसारखे, दुसऱ्या कोणाशी न जुळणारे. शिवाय डाव्या आणि उजव्या कुशीची नक्षीही वेगळी असते. म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर दोन कॅमेरे लावावे लागतात. एकाच बाजूची छायाचित्रे मिळाली, तर एकच जनावर दोनदा मोजले जाण्याची भीती असते. अवरक्त प्रकाशात रात्रीचे चित्र कृष्णधवल येते आणि धावत्या अंगावरचे ठिपके पुसट होतात. झेनॉन फ्लॅशने नक्षी स्पष्ट मिळते.

याच पद्धतीने वन्यजीव अभ्यासक निकित सुर्वे यांनी 2015 मध्ये संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि परिसरात 35 बिबटे ओळखले. पुढच्या 2018 च्या गणनेत हा आकडा 47 झाला. त्याआधी मुंबईतल्या बिबट्यांविषयीची चर्चा बहुधा भीतीवर आणि अफवांवर चाले. कॅमेऱ्यांनी त्या चर्चेला आकड्यांचा आधार दिला.

कलेच्या अंगानेही या यंत्राने मोठे काम केले. छायाचित्रकार स्टीव्ह विंटर यांनी राष्ट्रीय उद्यानात टिपलेले, मागे शहराचे दिवे चमकत असलेले बिबटे ‘नॅशनल जिओग्राफिक’ने 2015 मध्ये जगाला दाखवले. पुढच्याच वर्षी मुंबईचे नयन खानोलकर यांना लंडनच्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत शहरी वन्यजीव विभागाचा सन्मान मिळाला. आरे वसाहतीतल्या वारली पाड्याच्या बोळातून रात्री निघालेला बिबट्या, एवढाच त्या चित्राचा विषय. घराच्या दाराशी दिवा आहे आणि जनावर शांतपणे आपल्या वाटेने जाते आहे. त्या एका क्षणासाठी खानोलकरांनी चार महिने कॅमेरा लावून ठेवला होता. माणूस आणि बिबट्या एकाच जागेत राहतात, ही गोष्ट शंभर अहवालांपेक्षा त्या चित्राने लोकांच्या मनात अधिक पक्की उतरवली.

दिवाळीतला वाघोबा

ज्यांच्या पाड्यात हे चित्र निघाले, त्या वारली समाजाला त्यात नवल वाटण्यासारखे काही नव्हते. वाघ आणि बिबट्या या दोघांनाही वाघोबा मानणारी त्यांची श्रद्धा जुनी आहे. पालघर, ठाणे आणि मुंबई उपनगरांत अभ्यासकांनी वाघोबाची सुमारे 150 ठाणी नोंदवली आहेत. शेंदूर लावलेल्या दगडावर किंवा लाकडी फळीवर वाघ कोरलेला असतो, वर चंद्र-सूर्य असतात. दिवाळीच्या तोंडावर, आपण वसुबारस करतो त्याच दिवसांत, इथे वाघबारस होते. गुराढोरांचे आणि माणसांचे रक्षण कर, एवढे त्या दिवशी मागायचे.

या भागात वाघाची प्रतिमा घडवण्याची परंपरा कॅमेऱ्याच्या आधीपासून आहे. जनावराला घाबरणे आणि तरी त्याची जागा मान्य करणे, हे त्या प्रतिमेमागचे शहाणपण. 2024 च्या मार्चअखेर वसईच्या किल्ल्यात बिबट्या दिसला आणि पुढचे तीनेक आठवडे, तो पिंजऱ्यात सापडेपर्यंत, शहर घाबरून होते. त्या काळात हे शहाणपण शहरातल्या घरांतही असते, तर भीती पुष्कळ कमी झाली असती.

खोट्या चिठ्ठीची किंमत

नोंद खोटी असली, तर ती अभ्यासाला किती वर्षे मागे नेते, याचा धडा महाराष्ट्रातल्याच एका पक्ष्याने दिला आहे. वन पिंगळा हे छोटे घुबड 1884 नंतर कोणालाच दिसले नव्हते. रिचर्ड माइनर्टझॅगन या ब्रिटिश अधिकाऱ्याने मात्र 1914 मध्ये गुजरातेत तापीकाठच्या मांडवीला आपण ते मिळवल्याचा दावा केला होता. त्याने दाखवलेला नमुना संग्रहालयातून चोरून, पुन्हा भरून, नवी चिठ्ठी लावलेला होता, हे पक्षीअभ्यासक पामेला रासमुसेन यांनी उघडकीला आणले. ती खोटी नोंद बाजूला ठेवून जुन्या खऱ्या नोंदींच्या मागावर निघाल्यावर, नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळ त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना वन पिंगळा जिवंत भेटला. 113 वर्षांनी त्या पक्ष्याचे चित्रीकरण झाले.

आपल्यासाठी यातला पुढचा भाग मोलाचा. 2014 मध्ये अभ्यासक सुनील लाड आणि रोहिदास डगळे यांनी वन पिंगळ्याची नोंद केली ती तानसा अभयारण्यात, म्हणजे तुंगारेश्वरच्या शेजारी. पश्चिम घाटातली ती पहिली नोंद. मुंबईपासून इतक्या जवळ असा दुर्मीळ पक्षी राहत होता आणि इतकी वर्षे त्याची नोंद नव्हती. चांदीपच्या डोंगरात काय काय आहे, हे सांगायला आपल्याकडे किती नोंदी आहेत, हा प्रश्न त्यातून आपोआप उभा राहतो.

फसवणूक छायाचित्रातही होते. 2009 च्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेतले पहिले बक्षीस कुंपणावरून झेपावणाऱ्या लांडग्याच्या चित्राला मिळाले होते. तो लांडगा पाळीव असावा, असा निष्कर्ष परीक्षकांनी काढला आणि बक्षीस परत घेतले. आता संगणकावर बनवलेल्या चित्रांचे दिवस आहेत, तेव्हा मूळ फाइल, तारीख आणि वेळ जपणे हा छायाचित्रकाराचा धर्मच झाला आहे.

एकच जागा, सगळे ऋतू

प्राण्यांइतकेच महत्त्व डोंगराच्या चित्राला आहे. एकाच जागेवरून, त्याच दिशेला, त्याच भिंगाने दर महिन्याला एक चित्र घेतले, तर दहा वर्षांत जंगलाची कुंडली हाती येते. जूनपूर्वीचे काजवे, श्रावणातले धुके, फाल्गुनातला पळस आणि काटेसावर, सात-आठ वर्षांतून एकदा फुलणारी कारवी, हे सारे त्यात येते. उन्हाळ्यातला वणवा कुठवर चढला, पायथ्याचे अतिक्रमण किती सरकले, झाडोरा कुठे विरळ झाला, हेही त्यात येते. वसईच्या पूर्व पट्ट्यात द्रुतगती महामार्गाची आणि बुलेट ट्रेनची कामे चालू आहेत. प्राण्यांना जायला भुयारी वाट कुठे हवी, हे ठरवताना आजची छायाचित्रे उद्या साक्ष देतील. ती आज काढली नाहीत, तर नंतर काढता येणार नाहीत.

या कामाला भारी कॅमेरा लागत नाही. चांदीपच्या शाळेतल्या मुलांनी शिक्षकांच्या मदतीने गावाच्या वेशीवरून हे काम सुरू केले, तरी ते मोलाचे ठरेल.

मर्यादा

वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 च्या कलम 28 नुसार अभयारण्यात छायाचित्रणासाठी प्रवेशाची परवानगी लागते. कॅमेरा ट्रॅप तर वनविभागाच्या परवानगीशिवाय लावूच नये. घरट्याजवळ थांबू नये, रेकॉर्ड केलेला आवाज वाजवून पक्ष्याला बोलावू नये, बिबट्याला आमिष दाखवू नये. दुर्मीळ प्राण्याची नेमकी जागा समाजमाध्यमांवर टाकू नये, कारण ती माहिती शिकाऱ्यालाही मिळते. ती वनविभागाला आणि अभ्यासकांना द्यावी.

वसई-विरार आणि पालघरमध्ये हौशी छायाचित्रकार पुष्कळ आहेत आणि त्यांच्या हार्डडिस्कवर कित्येक वर्षांची छायाचित्रे पडून आहेत. त्या सर्वांना या दिवाळीत विनंती आहे : तुंगारेश्वर, तानसा आणि चांदीपच्या परिसरातली आपली छायाचित्रे बाहेर काढा, प्रत्येकाला तारीख, वेळ आणि जागा लावा आणि वनविभागाकडे सोपवा. अस्पष्ट आले म्हणून एकही चित्र पुसू नका. ज्या जंगलाची नोंद असते, त्याच जंगलाची बाजू मांडता येते.