मांडवात न बोललेली द्रौपदी

आठवीच्या सुट्टीत ‘मृत्युंजय’ हाती आलं. स्वयंवराच्या भर मांडवात द्रौपदी कर्णाला सूतपुत्र म्हणून नाकारते, तिथे मी ताटावरून उठलो होतो. पुढे कित्येक वर्षं द्रौपदीविषयी मनात अढी राहिली.

शिवाजी सावंतांची ही कादंबरी 1967 ची. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण एकेक करून बोलतात. एकच प्रसंग माणसागणिक बदलतो, याची गोडी माझ्यासारख्या किती वाचकांना तिथेच लागली! पण बोलणाऱ्या त्या सहांत द्रौपदी नाही, हे माझ्या ध्यानात यायला पंधरा वर्षं गेली. 1973 मध्ये रणजित देसाईंचं ‘राधेय’ आलं आणि कर्णावरची मराठी माणसाची माया आणखी घट्ट झाली.

मग कधीतरी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या चिकित्सित आवृत्तीतलं आदिपर्व उघडलं. विष्णु सीताराम सुखटणकरांनी त्याचं संपादन 1933 मध्येच पूर्ण केलं होतं. ते नकाराचं वाक्य मूळ संहितेत नव्हतं, तळटिपेत होतं. म्हणजे मी ज्यापायी ताटावरून उठलो, ते वाक्य ‘मृत्युंजय’च्या चौतीस वर्षं आधीच पुण्यात बाजूला काढून ठेवलेलं होतं. कर्ण, शल्य यांना जे धनुष्य पेललं नाही ते हा पोरगेला ब्राह्मण काय वाकवणार, अशी कुजबुज तिथे ब्राह्मणवेषातला अर्जुन उठताना होते. कर्ण हरला तो धनुष्यापुढे. फिरता मासा आणि पाण्यातलं प्रतिबिंबही तिथे नाही. एक यंत्र, त्याला छिद्र, पलीकडे लक्ष्य आणि पाच बाण, एवढंच. आणि द्रौपदी? ती हसऱ्या चेहऱ्याने पांढरी माळ घेऊन अर्जुनाकडे जाते. अख्ख्या स्वयंवरात तिच्या तोंडी एक शब्द नाही.

हे कळल्यावर मला तिची माफी मागावीशी वाटली. गप्प राहिलेल्या बाईच्या तोंडी आपण पिढ्यान्‌पिढ्या एकच वाक्य घातलं, आणि तेही तिला दोष देता येईल असं.

तिच्या बाजूने पाहणारे मात्र होतेच. दुर्गाबाई भागवतांचं ‘व्यासपर्व’ 1962 चं. ‘मृत्युंजय’च्याच वर्षी इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ आलं. हिमालयात कोसळलेली, भीमाचं प्रेम शेवटी उमगलेली द्रौपदी त्यांनी कल्पनेने उभी केली. कन्नडमध्ये भैरप्पांनी 1979 मध्ये ‘पर्व’ लिहिलं. उमा कुलकर्णींच्या अनुवादातून ते आपल्याकडे आलं, आणि पाच नवऱ्यांच्या संसारात थकलेली बाई प्रथमच मोकळेपणी विचार करताना मी वाचली. 1984 मध्ये वासुदेवन नायर यांनी मल्याळममध्ये तीच कथा भीमाच्या डोळ्यांनी सांगितली. त्याच वर्षी ओडियात प्रतिभा राय यांची ‘याज्ञसेनी’ आली. तिथे द्रौपदी स्वतः सांगते. आयुष्याच्या अखेरीस कृष्णाला लिहिलेलं ते पत्र आहे.

त्या पत्राने मला घरची पोथी आठवली. ताईचं लग्न जमेना तेव्हा आई तिला रोज नाथांचं ‘रुक्मिणीस्वयंवर’ वाचायला बसवी. पाटावर लाल कापडातली पोथी, कोपरे तेलकट झालेले, ताईचं बोट ओळीवरून सरकत असायचं. रुक्मिणीनेही कृष्णालाच पत्र लिहिलं, पण लग्नाआधी, आणि ते वेळेवर पोचलं. द्रौपदीला पत्र लिहायला कादंबरीकार भेटावी लागली.

आता मी ‘मृत्युंजय’ पुन्हा वाचतो तेव्हा कर्णासाठी जीव तसाच तुटतो. पण मांडवातून मी द्रौपदीच्या मागोमाग, पांडव उतरले होते त्या कुंभाराच्या घरी जातो. आदिपर्वातली ती रात्र मला स्वयंवराहून मोठी वाटते. कुंती नव्या सुनेला अन्न वाढायला सांगते: आधी देवाब्राह्मणांचं, मग उरल्यातलं अर्धं एकट्या भीमाला, बाकीच्याचे सहा वाटे. सहदेव दर्भ अंथरतो. पाच भाऊ ओळीने निजतात, उशाशी कुंती, पायथ्याशी द्रौपदी. ते रथांच्या, हत्तींच्या, शस्त्रांच्या गोष्टी करत राहतात. बाहेर धृष्टद्युम्न लपून सगळं ऐकतो आणि बापाला सांगायला धावतो, की बोलणं क्षत्रियांचं आहे. पायथ्याशी निजलेली बहीण काय म्हणाली, ते तो सांगत नाही. द्रुपदही विचारत नाही.