घरातील बोलकी चौकट

इ. स. १८९४ साली राजा रविवर्मा यांनी मुंबईत शिळाछापाचा छापखाना काढला आणि देवादिकांची रंगीत चित्रे सामान्य गृहस्थांच्या भिंतींवर आली. त्या चौकटीत चित्र एकच असे. आजच्या डिजिटल फोटोफ्रेममध्ये एकामागून एक शेकडो छायाचित्रे दिसतात, चलच्चित्र चालते व संगीतही ऐकू येते. आमच्या राजेगावसारख्या सीमेवरील गावीही ती आता अपूर्वाईची वस्तू राहिलेली नाही.

तिचा हिशेब सोपा आहे. एका छायाचित्रास २ एमबी धरल्यास ८ जीबीच्या कार्डावर सुमारे ४,००० चित्रे मावतात. परंतु दर १० सेकंदांस एक याप्रमाणे ती सर्व पाहण्यास ११ तासांहून अधिक वेळ लागेल! म्हणून धान्य निवडावे तशी चित्रे आधी निवडावीत. मूळ प्रती मात्र अन्यत्रही जपाव्यात. बियाणे कोणी एकाच कणगीत ठेवीत नाही. सर्वच फ्रेमी चलच्चित्र व गीत चालवितात असे नाही. यास्तव खरेदीपूर्वी आपले कार्ड दुकानातच लावून पाहावे.

खरी निकड निराळीच आहे. जुनी छायाचित्रे उन्हाने व दमटपणाने फिकी पडतात आणि त्यांतील माणसांची नावे केवळ वडीलधाऱ्यांच्या स्मरणात उरलेली असतात. तेव्हा चित्र उतरवून घेतानाच नाव, गाव व साल त्यांस विचारावे. शक्य तर त्यांच्याच आवाजात साठवावे. यंत्र चेहरा दाखवील, ओळख पटविणार नाही. हे कार्य येत्या दिवाळीपूर्वी प्रत्येक घरी व्हावे, अशी व्यापारी बंधूंस नम्र विनंती आहे.