'इंदूर' शब्दात अक्षरं किती?

इंदूरच्या राजवाड्यासमोर कोणालाही विचारा, 'इंदूर'मध्ये अक्षरं तीन. पायथनला विचारलं तर उत्तर येतं पाच, कारण अनुस्वार आणि दीर्घ ऊकार वेगळे मोजले जातात. हाच शब्द यूटीएफ-8 रूपात सी भाषेकडे गेला की ती बाइट मोजते आणि सांगते, पंधरा. आपापल्या जागी तिन्ही उत्तरं बरोबर आहेत. पण सीमधल्या जुन्या प्रोग्रामनं गावाच्या नावासाठी दहाच बाइटांची जागा ठेवली असेल, तर 'इंद' पूर्ण येतं आणि दहावा बाइट म्हणजे ऊकाराचा तुटका तुकडा. तो पायथनकडे परतला की 'युनिकोड डीकोड एरर' येऊन काम थांबतं. थांबलं तर एकवेळ बरं. जागा नऊ बाइटांची असती तर 'इंद' हेच गावाचं नाव म्हणून बिनबोभाट पुढे गेलं असतं.

पायथन आणि सी यांच्यातला हाच सांधा ऑक्टोबर 2025 मध्ये पायथन 3.14 आलं तेव्हा पुन्हा दिसला. एका वेळी एकाच थ्रेडला चालू देणाऱ्या 'जिल' या कुलपाशिवाय चालणाऱ्या आवृत्तीला अधिकृत मान्यता मिळाली आणि सगळी चर्चा वेगाची झाली. मला त्यातली एक अट जास्त महत्त्वाची वाटते. सीमध्ये लिहिलेल्या एखाद्या मॉड्यूलनं आपल्याला या कुलपाची गरज नाही असं जाहीर केलेलं नसेल, तर ते आत घेताच कुलूप आपोआप पुन्हा लागतं. पायथनमधले जड हिशेब बहुतेकदा सी, सी++ आणि फोर्ट्रानच करतात, त्यामुळे ही अट किरकोळ नाही. जून 2024 मध्ये पायथनच्या 'नमपाय' या गणिती लायब्ररीची 2.0 आवृत्ती आली तेव्हाही हेच दिसलं. आधीच्या आवृत्तीवर बांधलेली कितीतरी मॉड्यूल्स नव्याने बांधेपर्यंत चालेनात.

भाषांमधला हा सांधा किती काळ पुरतो, हे खगोलशास्त्रात स्पष्ट दिसतं. सिमरोलच्या आयआयटी इंदूरमधले संशोधक खोडदच्या जीएमआरटी या रेडिओदुर्बिणीचा, म्हणजे 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांचा, डेटा अभ्यासतात. या दुर्बिणीच्या डेटासाठी खगोलशास्त्रज्ञ हुइब इंटेमा यांनी 'स्पॅम' ही प्रणाली लिहिली. वर पायथन, खाली फोर्ट्रानमधलं जुनं 'एप्स'. 2017 साली प्रसिद्ध झालेला, सुमारे 6 लाख 20 हजार रेडिओस्रोतांचा आकाशनकाशा तिच्यातूनच तयार झाला. मात्र ती बेतलेली होती पायथन 2.7 वर, आणि त्याचा अधिकृत आधार 1 जानेवारी 2020 ला संपला. दुर्बिणीचा डेटा तर येतच राहिला.

शिवाय फोर्ट्रान स्तंभ धरून साठवतं आणि एकपासून मोजतं. नमपाय एरवी ओळ धरून साठवतं आणि शून्यापासून मोजतं. चित्राच्या फाइलमधला पहिला अक्ष नमपायमध्ये शेवटचा होतो. चित्र चौरस असेल तर अक्षांची अदलाबदल झाली तरी एरर येत नाही, आणि तारा भलत्याच जागी नोंदवला जातो. अशी चूक यंत्र पकडत नाही, ती माणसालाच पकडावी लागते.

इंदूरच्या सुपर कॉरिडॉरवरच्या आणि विजयनगरमधल्या तरुण प्रोग्रामरांना म्हणूनच कळकळीची विनंती आहे. प्रत्येक मॉड्यूलची आवृत्ती लिहून ठेवा. डेटा एका भाषेतून दुसरीत जातो तिथे आकार, प्रकार आणि लांबी तपासा. आणि चाचणीच्या पहिल्याच ओळीत 'abc'ऐवजी आपल्या गावाचं नाव घाला, देवनागरीत.