फाइलीचा फेरफार

आमच्या बोदवड परिसरात ‘फेरफार’ हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. खरेदीखत झाले, वडील वारले, भावांत वाटणी झाली, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: नोंद झाली का? शेत आहे तिथेच राहते, बांध हलत नाही. बदलते ते दप्तरातले नाव. संगणकातही असाच एक फेरफार असतो. युनिक्स आणि तिच्या वळणाच्या लिनक्ससारख्या कार्यप्रणालींत तो ‘चोन’ या सिस्टीम कॉलने होतो. ‘चेंज ओनर’चे हे आखूड रूप. मुलांना तो शिकवताना मी सातबाऱ्यापासूनच सुरुवात करतो, कारण दोहोंतले साम्य उपयोगाचे आहे आणि फरक त्याहून अधिक.

फाइलीतला मजकूर एकीकडे असतो आणि तिची नोंद दुसरीकडे. या नोंदीला ‘आयनोड’ म्हणतात. आकार, तारखा, परवानग्या आणि मालक तिच्यात असतात. मालकही नावाने नव्हे, क्रमांकाने. कोणता क्रमांक कोणाचा, हे वेगळी यादी सांगते. ‘चोन’ फक्त हा क्रमांक बदलतो. मजकुराच्या एका अक्षरालाही धक्का लागत नाही.

पण बदल करण्याचा अधिकार कोणाला? 1971च्या पहिल्या युनिक्स पुस्तिकेनुसार मालक आपली फाइल दुसऱ्याला देऊ शकत असे. अपवाद एकच: जो प्रोग्राम कोणीही चालवला तरी मालकाच्या अधिकाराने चालतो, तो देता येत नसे. नाहीतर घातक प्रोग्राम लिहायचा, दुसऱ्याच्या नावावर करायचा आणि त्याच्या अधिकाराने त्याच्याच फायली उघडायच्या, हे सहज जमले असते. 1979च्या सातव्या आवृत्तीत हा अधिकार मालकाकडे नव्हता, तो केवळ सर्वाधिकारी वापरकर्त्याकडे, म्हणजे ‘रूट’कडे होता. कारण असे दिले होते की, फायली दुसऱ्याच्या नावावर टाकून लोक जागेचा हिशेब चुकवतील. असा हिशेब ठेवण्याची सोय तेव्हा नव्हतीच, हेही पुस्तिकेने मिश्किलपणे कबूल केले होते! आजच्या लिनक्समध्येही साधा मालक आपली फाइल दुसऱ्याच्या नावावर करू शकत नाही. दानसुद्धा घेणाऱ्यावर ओझे टाकू शकते, हा त्यामागचा विचार.

सातबाऱ्यावरही मालक स्वतः काही लिहू शकत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966च्या कलम 149नुसार हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचे. कलम 150नुसार फेरफार नोंदवहीत नोंद होते, हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकत आली तर चौकशी होते आणि मगच नोंद प्रमाणित होते.

इथून दोन्ही वाटा वेगळ्या होतात. ‘रूट’ने हुकूम दिला की ‘चोन’ क्षणात पूर्ण. नोटीस नाही, हरकत नाही. आयनोडमध्ये आधीच्या मालकाची खूणही उरत नाही. सातबाऱ्यावर मात्र फेरफार क्रमांक राहतो आणि त्याच्या मागे जाता येते. शिवाय संगणकात नोंद हीच मालकी. जमिनीची नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, एवढेच; फेरफाराने मालकी निर्माण होत नाही, असे न्यायालयांनी अनेकदा सांगितले आहे.

वापरकर्ता यादीतून काढला तरी त्याच्या फायलींवर जुना क्रमांक तसाच राहतो. तोच क्रमांक पुढे नव्या माणसाला दिला, तर त्या फायली आपोआप त्याच्या होतात. जमिनीत मयताचे नाव राहिले की वारसांचे पीककर्ज अडते, विक्री अडते. म्हणूनच शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात सुरू झालेली ‘जिवंत सातबारा’ मोहीम 2025मध्ये राज्यभर नेण्यात आली.

वारसांची नावे लागतात तेव्हाच खरी कसोटी असते. 2005च्या दुरुस्तीने हिंदू कुटुंबातल्या मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. पण सासरी गेलेल्या बहिणीचे नाव नोंदीतून गळणे हे गावोगाव ऐकू येते. ‘चोन’सारखा एका हुकमाचा फेरफार असता, तर तिला पत्ताही लागला नसता. तलाठी कार्यालयातल्या खेपांचा आपल्याला कंटाळा येतो, आणि तो रास्तही आहे. ऑनलाइन फेरफारात त्या खेपा जरूर वाचाव्यात. बहिणीच्या हाती पडणारी नोटीस मात्र वाचवू नये.